शहाऐंशी अंश

चिपळूणच्या वाहन परीक्षण केंद्रात काचेच्या भांड्यातलं पाणी खळखळून उकळत होतं. परीक्षक दमयंती घोलप हिने तिसऱ्यांदा तो संवेदक पाण्यात बुडवला. अंगठ्याएवढा पितळी तुकडा, मागे दोन तारा. मीटरवरचा आकडा तिने तक्त्याशी ताडून पाहिला. शंभर अंश. मघाशी बर्फात शून्य आलं होतं.

"हा बिघडलेला नाही," ती म्हणाली.

"मग गाडी मला घाटात का उभी करते?" हुसेन चौगुले यांनी विचारलं. गुहागर–कऱ्हाड मार्गावरची ती जैवइंधनाची बस ते एकोणीस वर्षं चालवत होते. सह्याद्री परिवहन मंडळाच्या सहा हजार गाड्यांत तिच्याइतकी जुनी दुसरी नव्हती. "तीन वेळा झालं, मॅडम. पडद्यावर येतं, तापमान संवेदक सदोष. लगेच इंजिनाचा जोर निम्मा होतो. कुंभार्ली चढायचा कसा?"

दमयंतीने तारा तपासल्या, जोडणी उघडून पाहिली, गंज कुठेच नव्हता. मग तिने आवारात उभ्या असलेल्या नव्या बसमधला संवेदक काढून त्याच पाण्यात घातला. शहाऐंशी. दुसऱ्या बसमधला घातला. सत्त्याऐंशी. भांडारातल्या सीलबंद खोक्यातला काढला, तोही शहाऐंशी. संध्याकाळपर्यंत अकरा झाले. एकही नव्वदीला पोहोचला नाही.

तिने पुण्याला फोन लावला. मंडळाची 'बहुमत-निदान' ही यंत्रणा ज्यांनी उभी केली, ते डॉ. श्रीरंग टिळेकर तिसऱ्या दिवशी स्वतः आले.

"एकटा संवेदक खरं सांगतोय की खोटं, हे यंत्राला कळणार कसं?" कोट खुर्चीवर टाकत ते म्हणाले. "म्हणून आम्ही इतरांना विचारतो. ह्याच चढावर, एवढ्याच ओझ्याने, अशाच हवेत बाकीच्या गाड्या किती तापल्या? त्या सगळ्या म्हणतात नव्वद आणि ही एकटी म्हणते एकशे चार. मग बिघाड हिच्यातच."

"आणि बाकीच्या सगळ्याच चुकत असतील तर?"

"सहा हजार चुका एकाच दिशेला जात नाहीत, दमयंतीबाई. एक वर चुकतो, एक खाली. सरासरीत चुका विरून जातात."

"सगळे एकाच मिश्रणातून घडवले असतील तर नाही विरत, सर. हे सगळे एका कारखान्यातले, एका वर्षातले; जुन्या बसचा तेवढा आधीच्या घडणीचा. ते मिश्रण वयाबरोबर बदलतंय, गाडीत असो नाहीतर खोक्यात. सगळे एकदम म्हातारे होताहेत."

"केंद्राच्या प्रमाण तापमापीवर पाहिलंत?"

"ती तुम्हीच परत मागवलीत. आता आम्ही ताफ्याच्या सरासरीशीच जुळवून घेतो."

तिने बर्नर पेटवला. टिळेकरांनी अकराही संवेदक एकेक करून स्वतःच्या हाताने बुडवले, आकडे स्वतः लिहिले. शेवटचा आकडा लिहून झाल्यावर त्यांनी यादी पुन्हा वरपासून वाचली.

"म्हणजे पडद्यावर दिसतं त्याहून प्रत्येक इंजिन चौदा अंश जास्त तापतंय," ते हळू आवाजात म्हणाले. "पंखा वेळेवर सुरूच होत नसणार. ह्या अख्ख्या ताफ्यात खरं बोलणारी एकच गाडी आहे."

"आणि तुमच्या कागदावर तीच आजारी आहे."

"मला आठ दिवस द्या. मी मंडळापुढे ठेवतो."

पण मंडळाचा आदेश दुसऱ्याच सकाळी आला: सदोष संवेदक बदलून बस आजच मार्गावर आणावी. दमयंती तो कागद घेऊन आवारात गेली. हुसेनभाईंनी तो वाचला आणि परत दिला.

"घाला नवीन. चौथ्यांदा थांबली तर गाडीऐवजी मलाच खाली उतरवतील. सेन्सर खोटं बोलला तर बोलू दे, मला नाक आहे की."

"वास आला की थांबायचं, हुसेनभाई. पडदा काहीही सांगो."

"थांबेन."

वीस मिनिटांचं काम. तिने इंजिन थंड ठेवणारं थोडं पाणी काढून घेतलं, जुना संवेदक सोडवला, नव्याखाली तांब्याची चकती घालून तो आवळला. पडद्यावरचा इशारा गेला. इतक्या सहज गेला, की तिची तिलाच लाज वाटली.

पाचव्या दिवशी दुपारी कुंभार्लीच्या वरच्या वळणावर हुसेनभाईंना तो वास आला. त्यांनी बस कडेला घेतली आणि बत्तीस प्रवाशांना खाली उतरवून लांब उभं केलं. पडद्यावर एक्याण्णव अंश होते. नियंत्रण कक्षातून सूचना आली की तापमान योग्य आहे, थांबण्याचं कारण नाही, गाडी पुढे न्या. दहा मिनिटांनी तीच सूचना पुन्हा आली. तिसऱ्या वेळी हुसेनभाई खाली उतरले आणि नेमकं काय जळतंय ते पाहायला त्यांनी इंजिनाचं झाकण उचललं. त्याच क्षणी गरम पाण्याची वरची नळी फुटली.

प्रवासी सगळे सुखरूप राहिले. हुसेनभाईंचे दोन्ही डोळे गेले.

चौकशीला दमयंती बर्नर आणि भांडं घेऊनच पुण्याला गेली. समितीच्या पाच सदस्यांसमोर तिने पाणी उकळलं. टिळेकर उभे राहिले आणि त्यांनी सरळ कबूल केलं, "माझ्या यंत्रणेने खऱ्याला खोटं ठरवलं." अध्यक्षांना एका केंद्राचा प्रयोग पुरेसा वाटेना. तेव्हा टिळेकरांनीच सुचवलं, एक्केचाळीसही केंद्रांवर सर्व सहा हजार संवेदक उकळत्या पाण्यात तपासा. आकडे यंत्रणेत भरा. मग कुणालाच शंका राहणार नाही.

पंधरा दिवसांत काम संपलं. केंद्राकेंद्रातून एकच आकडा येत होता, शहाऐंशी. दमयंतीला कितीतरी दिवसांनी जेवण गोड लागलं.

सोमवारी परिपत्रक आलं. त्यात लिहिलं होतं: 'सर्व केंद्रांच्या मापनानुसार उकळत्या पाण्याचे तापमान शहाऐंशी अंश निश्चित होत आहे. परीक्षण तक्त्यात तशी दुरुस्ती करावी. शंभर अंश ही नोंद केवळ चिपळूणच्या परीक्षकाची असून ती सदोष आहे. सदर परीक्षक बदलण्यात यावी.'

तिने टिळेकरांना फोन केला. ते आधीच वाचून बसले होते.

"पाणी वेगळं असतं, पाण्याला कुणाची सरासरी लागत नाही, हे मी यंत्रणेला कधी सांगितलंच नाही," ते म्हणाले. "तिच्या दृष्टीने पाणी हीसुद्धा तपासायची एक वस्तू. सहा हजारांनी सांगितलं, तिने मानलं."

"मग आता सांगा ना! तुमचीच यंत्रणा आहे ती."

"सांगितलं. कालच तज्ज्ञमत म्हणून नोंदवलं." त्यांचा आवाज खाली आला. "तिने ते एक मत म्हणून मोजलं, दमयंतीबाई. एकच."

"आणि समिती?"

"समितीने यंत्रणेला विचारलं."

हुसेनभाईंच्या बाबतीतला निकाल त्याच परिपत्रकाच्या पुढच्या पानावर होता. तो त्यांना पोस्टाने जाऊ नये, म्हणून दमयंती स्वतः गुहागरला गेली. ते ओसरीवर बसले होते, डोळ्यांवर पट्टी होती. तिने शब्दही न बदलता वाचून दाखवलं. इंजिनाचं तापमान योग्य होतं. थांबण्याचं कारण नव्हतं. झाकण उघडणं ही चालकाची चूक.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "मॅडम, माझ्या तोंडावर आलं ते पाणी किती अंशांचं होतं?"

"इथे एक्याण्णव लिहिलंय."

"लिहिलेलं नका सांगू."

"एकशे पाच," ती म्हणाली. "कदाचित थोडं जास्तच."

हुसेनभाईंनी मान हलवली. चेहरा थोडा सैल झाला. "मला वाटलंच होतं. तेवढं तुमच्या नोंदवहीत लिहून ठेवा."

"लिहिते," दमयंती म्हणाली.

नोंदवही तिने सकाळीच नव्या परीक्षकाच्या हवाली केली होती.