चौकटीसकट

"ज्यानं हे केलं, त्याचं वाटोळं झालेलं मला बघायचंय," मिस्त्रीची बायको म्हणाली.

नवरा कोठडीत होता. त्यानं नुकतीच बदललेली वरच्या मजल्यावरची खिडकी, घरमालक रेलताच चौकटीसकट निखळली. म्हातारा खाली पडून जागीच गेला.

ज्याला सगळे शंकेखोर म्हणत, तो गुप्तहेर लगेच निघाला. सोबत मास्तर होतेच. चोर सापडण्याआधी फाशी देण्याची त्यांना भारी घाई.

"माप चुकलं, चौकट लहान झाली, फट फोमनं बुजवली," मास्तर म्हणाले. "पोलिसही तेच म्हणतात."

शंकेखोरानं भिंतीतली मोकळी जागा वर, मध्ये आणि खाली मोजली. मध्ये ती सर्वांत अरुंद होती. अंगणात पडलेली चौकट त्या अरुंद मापाहून बोटभरच कमी भरली, म्हणजे बसवायला लागते तेवढीच. स्क्रू झाकणाऱ्या टोप्या तिच्यावर घट्ट होत्या. स्क्रू ज्यात पिळतात त्या प्लास्टिकच्या गिट्ट्या भिंतीत शाबूत होत्या, आत पेच उमटलेले.

"बाबांशी माझं पटत नव्हतं, खोटं कशाला बोलू?" म्हाताऱ्याचा धाकटा मुलगा म्हणाला. "पण खिडकीतलं मला ओ की ठो कळत नाही."

थोरली सून म्हणाली, "दोष मिस्त्रीचाच. स्क्रू मारलेच नाहीत त्यानं. दिसायला नुसत्या टोप्या लावल्या."

शंकेखोरानं सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि एकेक टोपी उचकटली. खाली भोकं रिकामी.

"म्हणजे स्क्रू नव्हतेच की!" मास्तरांची ट्यूब अजून पेटली नव्हती.

"होते. गिट्ट्यांत पेच उमटलेत. वजनानं उपटले असते, तर गिट्ट्याही फाटून बाहेर आल्या असत्या. कुणीतरी स्क्रू सावकाश उलटे फिरवून काढले, टोप्या परत लावल्या. चौकट राहिली नुसत्या फोमवर. टोप्यांखाली काही नाही, हे आत्तापर्यंत पोलिसांनीही पाहिलं नव्हतं. वहिनींना मात्र आधीच ठाऊक होतं."

सून रडली नाही. "माझं लेकरू तापानं फणफणत होतं. डॉक्टरकडे नेऊ दिलं नाही सासऱ्यांनी, दाराला कुलूप घालून झोपले. सकाळी ते गार पडलं होतं. सूड घ्यायचा हे मी तेव्हाच ठरवलं. मिस्त्री मध्ये सापडला, त्याला माझा इलाज नव्हता."

मिस्त्रीची बायको पुढे झाली. "माझा नवरा आत होता, तेव्हा तुम्हाला घास जात होता?"

"हो. लेकरू गेल्यापासून पहिल्यांदाच पोटभर जेवले."

"मग आता कोठडीतलं जेवा," मिस्त्रीची बायको म्हणाली. "मी येईन बघायला."