डावीकडची सीट

माझी उंची हा आमच्या लग्नातला एक मुद्दा होता. मी आमोदपेक्षा दोन बोटं उंच. "बल्ब बदलायला स्टूल लागणार नाही," एवढं बोलून सासूबाईंनी विषय मिटवला. उंचीचं आधी सांगितलं, कारण पुढे ती लागणार आहे.

आमोद हिंजवडीतल्या एका कंपनीत गाड्यांची इलेक्ट्रॉनिक्स तपासतो. भाद्रपदातल्या एका रविवारी तो म्हणाला, "चल, लोणी काळभोरला जाऊन येऊ. लग्नानंतर कुठे गेलोच नाही आपण." हनिमूनबद्दल कुणी विचारलं तर मी हेच सांगते.

तिथल्या रावसाहेबांनी हायवेलगतची जमीन विकून परदेशी स्पोर्ट्स कार घेतली होती. लाल, बसकी, दोनच सीटांची. गोठ्याला लागून असलेल्या शेडमध्ये उभी असायची. तक्रार एकच. डावीकडची सीट आपोआप पुढे सरकते.

"या सीटला मेमरी असते," आमोदनं मला समजावलं. "नेहमी बसणाऱ्याचं माप ती साठवून ठेवते. ही वहिनींच्या मापावर होती."

वहिनी म्हणजे रावसाहेबांची बायको, श्यामला. ठेंगणी होती म्हणे.

"गाडीत नाही गेली ती," रावसाहेब आपणहून म्हणाले. "दवाखान्यात गेली, तापानं." दिवाळीनंतर ते दुसरं लग्न करणार होते. नवरी, राजनंदिनी, याच गाडीतून घरी यायची होती. "एकदा बसवली तिला, तर सीटनं गुडघे सोलले पोरीचे. आता म्हणती, ही गाडी नीट झाल्याशिवाय लग्नच नको."

"एवढ्या ताकदीच्या गाडीत इंजिन दगा देत नाही, वायरिंग देतं," आमोद म्हणाला. "उष्णता, हादरे, त्यात शेडमधली ओल. आठवणबिठवण काही नसते हो. आपण लिहिलेलं असतं, पुसलं की गेलं." त्यानं लॅपटॉप जोडून मेमरी पुसली. वर सीटचा फ्यूज काढून खिशात टाकला. "बस तू."

मी बसले. आत नव्या चामड्याचा वास होता, आणि त्याखाली न्हाल्या केसांचा, शिकेकाईचा. शेजारी म्हैस रवंथ करत होती, ती थांबली. मग खालून बारीक घरघर आली आणि सीट पुढे निघाली. घाई नव्हती तिला. गुडघे डॅशबोर्डला टेकले... मग दाबले गेले.

"आमोद... फ्यूज?"

त्यानं खिशातून काढून दाखवला. दोघांनी मला ओढून बाहेर काढलं.

रावसाहेबांची थोरली बहीण, कौशल्याआक्का, दारातून पाहत होत्या. "पोरी, जेवून घे," त्या म्हणाल्या. "आज सवाष्ण हवीच व्हती."

पुरणपोळी, कटाची आमटी. नको म्हणेपर्यंत वाढलं. मग आक्कांनी नारळ, खण, हिरव्या बांगड्या घालून माझी ओटी भरली आणि वयानं एवढ्या मोठ्या असून माझ्या पाया पडल्या.

"आज काय असतं, आक्का?" मी तेव्हा विचारलं. आधी विचारायला हवं होतं. पण आमच्या घरी तारीख बघतात ती पगाराची.

"अविधवा नवमी. नवऱ्याआधी गेलेलीच्या नावानं सवाष्ण जेवू घालत्यात." आक्कांनी माझं रिकामं ताट उचललं. "पाटावर तू न्हवतीस, ती व्हती... पोटभर जेवली."

दुपारी आमोदनं फ्यूज लावला. रावसाहेबांनी बसून पाहिलं, आमोद बसला, मीही बसले. सीट जागची हलली नाही. शिकेकाईचा वासही गेला होता.

"शॉर्ट होता. वायर सरळ केली," आमोद म्हणाला. "बिनधास्त आणा नवरीला."

रावसाहेबांनी त्याचे दोन्ही हात धरले. आक्का माझ्याकडे बघतच नव्हत्या. निघताना एवढंच म्हणाल्या, "वटी घरी ने. वाटंत कुठं ठिवू नगंस."

आमची गाडी सेकंडहँड. इलेक्ट्रॉनिक म्हणावं तर रेडिओ, तोही बंद. सीट मागेपुढे करायला खाली लोखंडी दांडा. मी ओटी मांडीवर घेऊन बसले. आमोद वाटभर वायरिंगबद्दल बोलत होता. विश्रांतवाडी आली तसं उन्हं उतरली होती. सिग्नलला त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि बोलायचा थांबला.

"सीट एवढी पुढे का घेतलीस?"

"मी हात लावला नाही."

त्यानं वाकून दांडा चाचपला. दांडा खाचेत घट्ट बसलेला होता. "अगं, मग... गुडघे दुखत नाहीत तुझे?"

मी खाली पाहिलं. सीट पार पुढे होती, डॅशबोर्ड अगदी जवळ. माझे गुडघे कुठेच टेकत नव्हते. पाय खाली जेमतेम पोचत होते.