एक खण कमी

माझं टपालाचं पाकीट हातात धरून तो दारात उभा होता. पाकीट फाडलेलं होतं आणि त्याचे कान लाल झाले होते.

"हे तुमचं. चुकून मी उघडलं... पण वाचलं नाही." तो जरा घुटमळला. "म्हणजे – अर्धंच वाचलं. तुमची अक्कलदाढ काढायची आहे."

"ठाऊक आहे मला."

"नका काढू. वकिलाला लागते ती."

मी त्याला डोळे वटारून घालवलं, आणि मग फाइलमागे तोंड लपवून पोटभर हसले.

आमच्या मजल्यावर सहा धंदे एकाच ऑफिसात, आपापल्या केबिनमध्ये नांदतात. मी वकील, तो आर्किटेक्ट, कोपऱ्यात विमावाले काका आणि आणखी तिघं. सगळ्यांचं टपाल दाराजवळच्या एकाच टोपलीत पडायचं, हाताला येईल ते उचलायचं. त्या दिवसापासून माझी पत्रं वरचेवर त्याच्याकडे जाऊ लागली, त्याची माझ्याकडे. काही तर मी मुद्दामच उचलायचे, उगाच खोटं कशाला बोला? पत्र द्यायला गेलं की चहा व्हायचा, आणि चहा झाला की गप्पा संपायच्या नाहीत.

अशातच काकांच्या एका गिऱ्हाइकाचा अर्ज माझ्या फायलींत आठवडाभर झोपून राहिला. काका कडाडले.

"पुरे झाला हा गोंधळ! खणांचं कपाट आणा. ज्याचं टपाल त्याच्या खणात. तुम्ही दोघं तरुण आहात, जा, निवडून आणा."

ज्याचं टपाल त्याच्या खणात पडलं, तर हा माझ्या दारात येणार कशाला?

दुकानात मी एकेका कपाटाला नावं ठेवत सुटले. हे फार काळं, ते फार उथळ.

"याला... लाकडाचा वास येतोय," मी म्हणाले.

"हो ना, फारच," तो गंभीरपणे म्हणाला. दुकानदाराने कपाळाला हात लावला.

शेवटी त्यानेच एक पसंत केलं. पाच खणांचं.

"अहो, आपण सहाजण आहोत!"

"भिंत अरुंद आहे. मी मोजली ना. सहा खणांचं बसायचंच नाही."

कपाट आलं, आणि त्याच्या शेजारी त्याने एक भलीमोठी कुंडी आणून ठेवली. काकांनी पहिला खण बळकावला, बाकीचेही भराभर गेले.

"आम्ही दोघं एका खणात भागवू," तो घाईघाईने म्हणाला.

"आर्किटेक्ट म्हणे!" काका पुटपुटले. "नाचता येईना, भिंत अरुंद!"

सगळे जेवायला गेल्यावर मी त्याच्या टेबलावरची टेप घेतली, कुंडी सरकवली आणि भिंत मोजली.

"वकीलबाई... काय चाललंय?" तो मागेच उभा होता.

"उलटतपासणी. सहा खणांचं कपाट इथे बसतं की नाही?"

"...बसतं."

"म्हणजे माप चुकलं?"

"माझं माप कधी चुकत नाही."

"मग खोटं का बोललात?"

त्याचे कान पुन्हा लाल झाले. "वेगळा खण मिळाला असता, तर रोज तुमच्याकडे यायला निमित्त काय उरलं असतं? तुम्ही मला आवडता. त्या दाढेपासून."

मी हातातली टेप मिटवली.

"मलाही तू आवडतोस," मी म्हणाले. ते 'तू' कधी तोंडातून निसटलं, कळलंच नाही.

जिन्यात काकांचा खोकला ऐकू आला. मी घाईने कुंडी ढकलून पुन्हा त्या रिकाम्या जागेवर ठेवली. वकील असून पुरावा लपवायची ती माझी पहिलीच वेळ.