उंबऱ्यात अडकलेला अवतार

"ताई, माझा अवतार दारातच अडकतो," चैताली म्हणाली.

भिकाजीभाऊंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. केस विंचरलेले, ड्रेस इस्त्रीचा. अवतार म्हणावा असं त्यांना काही दिसेना. पण रेल्वेत तीस वर्षं सिग्नल सांभाळताना ते एक शिकले होते. कळलं नाही तरी चेहरा कळल्यासारखा ठेवायचा.

राजेश्वरी असवले मात्र सरसावून बसल्या. लोणावळ्याच्या बाजारात, शिंप्याच्या दुकानावर त्यांचं खासगी तपासाचं ऑफिस होतं. भिकाजीभाऊ त्यांचे मदतनीस, म्हणजे बॅग धरायची आणि चुकीचे अंदाज करायचे.

"पहिल्यापासून सांग," राजेश्वरी म्हणाल्या.

चैताली तळेगावची. एका शैक्षणिक कंपनीसाठी तिनं संगणकात अख्खी लोहगडवाडी उभी केली होती. घरबसल्या मुलांनी आपला अवतार, म्हणजे पडद्यावरची आपली बाहुली, त्या गावात हिंडवायची. उद्या शनिवारी अकरा वाजता पन्नास मुख्याध्यापक गाव बघायला येणार होते.

"त्यांना पसंत पडलं तर मला घरून कायमचं काम. नाही तर पहिल्या तारखेला बंगळूरच्या दुसऱ्या कंपनीत रुजू," चैताली म्हणाली. "आणि तीन आठवडे झाले, गाव रखडतंय. मेमरी वाढवली, पंख्यातली धूळ काढली, ग्राफिक्स कार्ड नवं घातलं. सासूबाईंनी लिंबू-मिरचीसुद्धा बांधली."

"फरक?"

"मिरच्या वाळल्या."

दुपारी तिघं तळेगावच्या फ्लॅटवर पोहोचली. राजेश्वरी संगणकापुढे बसल्या आणि आधी दुसऱ्याच कुणाच्या तरी आभासी गावात शिरल्या. तिथे समुद्र होता, माडांचं बन होतं, तरी बाहुली तुरुतुरु पळाली. मग त्या लोहगडवाडीत आल्या. गडाकडे तोंड केलं, सगळं सुरळीत. पहिल्या घराच्या दाराकडे वळल्या आणि चित्र जागच्या जागी थिजलं.

उंबऱ्यापुढे पांढऱ्या गारगोट्यांची ठिपक्यांची रांगोळी होती.

"वा! काय हात आहे!" भिकाजीभाऊ म्हणाले.

"कोमलनं काढली असणार, माझी पुण्यातली सहकारी. गारगोट्या मी अंगणासाठी बनवल्या होत्या," चैताली म्हणाली. "आणि हे घर आमचंच बरं का. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पूर्वी इथे गडावर जाणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून द्यायच्या."

"कोमलच्या संगणकावरही अडकतं?"

"हो. तिचा तर माझ्यापेक्षा दांडगा आहे."

"रोज सारखंच?"

"रोज थोडं जास्त. गेल्या मंगळवारी-बुधवारी तेवढं वाढलं नाही."

राजेश्वरींनी तिथूनच कोमलला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"रांगोळी?" पलीकडून कोमल म्हणाली. "मला वाटलं चैतालीताईंनीच काढलीय."

मग एकेकाची झडती सुरू झाली. चैतालीचा नवरा गौरव आंबीच्या कारखान्यातून नुकताच आला होता.

"मी यावर संध्याकाळी गेम खेळतो, कबूल," तो म्हणाला. "पण हिच्या कामाच्या फायलीला हात नाही लावत. एकदा लावला होता. पुन्हा धाडस झालं नाही."

"हाच!" भिकाजीभाऊ कुजबुजले.

वरच्या मजल्यावरचा पवन आला. तो यांचंच वायफाय वापरून कुस्त्या बघायचा.

"पासवर्ड गौरवदादाच्या आईनंच दिलाय," तो ओशाळून म्हणाला.

"मग हा!" भिकाजीभाऊ म्हणाले. संशयित समोर आला की त्यांना तोच पटायचा.

शेवटी स्वयंपाकघरात चैतालीच्या सासूबाई, भामाबाई. त्या कणीक तिंबत होत्या आणि थांबायला तयार नव्हत्या.

"मावशी, तुम्ही कधी त्या गावात गेलात?"

"मला काय कळतंय त्या डबड्यातलं? सूनबाईनं महिन्यामागं एकदा दाखिवलं, बाण दाबून चालायचं, वस्तू ठिवायची, बटन दाबलं की तसलीच दुसरी येती. गाव बरं हाय. पन तितं एक केरसुणी न्हाई."

भिकाजीभाऊ खो खो हसले. राजेश्वरी हसल्या नाहीत.

"चैताली बंगळूरला गेली तर?"

"जाऊ द्या की! माझं काय जातंय?" भामाबाईंनी कणकेला असा गुद्दा घातला की परात वाजली.

"गेल्या मंगळवारी घरीच होतात?"

"न्हाई. लोहगडवाडीला बारसं व्हतं पुतनीच्या लेकाचं. दोन रोज तितंच ऱ्हायले."

राजेश्वरींनी सगळ्यांना बैठकीत बसवलं.

"संगणकात बिघाड नाही," त्यांनी सुरुवात केली. "तो असता तर माडांच्या बनातही अडकला असता. गौरवचा गेम, पवनच्या कुस्त्या, यांनी पुण्यातला कोमलचा संगणक कसा अडकेल? म्हणजे दोष गावात आहे. गावातही गडाकडे बघताना नाही, फक्त दाराकडे बघताना. दारात नवीन काय? रांगोळी. ती चैतालीनं काढली नाही, कोमलनंही नाही."

"पण एवढ्याशा रांगोळीनं?" भिकाजीभाऊंनी विचारलं.

"एक असती तर काहीच झालं नसतं. पण त्रास रोज वाढत होता, फक्त दोन दिवस वाढला नाही. ते दोन दिवस या घरातलं कोण बाहेरगावी होतं?"

सगळ्यांच्या माना भामाबाईंकडे वळल्या.

"मावशी, शिळी रांगोळी दारात ठेवतात का?"

"न्हाई ठिवत!" भामाबाई फणकारल्या. "सकाळी झाडायची आन ताजी काढायची."

"आणि तिथे केरसुणी नव्हती. म्हणून पहाटे पाचला, चैताली उठायच्या आत, तुम्ही कालचीवरच आजची ठेवायचात. बटण दाबलं की तशीच्या तशी, त्याच जागी. दिसायला एक, पण मघाशी मी गावातल्या वस्तूंची यादी उघडून पाहिली, आहेत बावीस, प्रत्येकीपुढे पहाटे पाचची वेळ. एकवीस ओळींत एकवीस ठिपके, गुणिले बावीस. साडेनऊ हजारांवर गारगोट्या, आणि प्रत्येकीची सावली संगणकाला वेगळी मोजावी लागते. तो बिचारा उंबऱ्यातच मान टाकणार नाही तर काय?"

"आई?" चैतालीचा आवाज चढला. "अहो, माझं काम बुडालं असतं! मला सांगायचं तरी!"

"काय सांगू?" भामाबाईंचे डोळे भरले. "माज्या घराचा उंबरा बोडका, आन पन्नास मास्तर येनार. म्हनलं रांगोळी असली की काम व्हईल तुजं. तू बंगळूरला गेलीस तर म्या हितं कुनाशी भांडू?"

चैतालीनं एकवीस रांगोळ्या पुसल्या, एक ठेवली. बाहुली टणाटण उड्या मारायला लागली.

शनिवारी अकराला पन्नास मुख्याध्यापकांचे अवतार गावात उतरले. राजेश्वरी आणि भिकाजीभाऊही मुद्दाम बघायला आले होते. घोळका झपाझप पहिल्या घरापाशी पोहोचला आणि दारात थांबला. एक मिनिट गेलं. दोन गेली.

"पुन्हा अडकलं!" चैताली पांढरीफटक पडली.

राजेश्वरींनी पडद्याजवळ जाऊन पाहिलं. बाहुल्या हलत होत्या, मागेपुढे होत होत्या, एकमेकींना वाट देत होत्या. फक्त आत जात नव्हत्या.

"संगणक ठीक आहे," त्या म्हणाल्या. "रांगोळीवर पाय द्यायला एकही मास्तर तयार नाही."

चैतालीला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात भामाबाईंनी तिच्या हातातला माईक ओढून घेतला.

"आवो गुर्जी, बाजूनं या की! घर आपलंच हाय!"

पन्नास अवतार बाजूनं आत शिरले. तासाभरानं कंपनीचा फोन आला, काम पक्कं. चैतालीनं लगेच बंगळूरला फोन लावला आणि सगळ्यांसमोर नकार कळवला.

भामाबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"च्या कुनाकुनाला?" त्यांनी विचारलं. आणि उत्तराची वाट न बघताच मोठं पातेलं गॅसवर चढवलं.