फितीचं दुसरं टोक

वात जरा वर करा, म्हणजे तुमचं तोंड मला दिसेल. पलीकडचा माणूस दिसत नसताना बोलणं मी सोडून दिलं आहे. का, ते ऐकलंत की कळेल.

फसली तेराशे चव्वेचाळीस सालची, निजामाच्या राज्यातली गोष्ट. मी तेव्हा सरकारात नकाशानवीस होतो. नाव भारदस्त, काम साधं. पडके किल्ले, बारवा, मशिदी मोजायच्या आणि कागदावर उतरवायच्या. कमान किती रुंद, भिंत किती जाड, एक बुरूज दुसऱ्यापासून किती लांब. आमचे साहेब गुलबर्ग्याला पंख्याखाली बसून ते नकाशे बघत आणि रेघ जाड आली म्हणून मला झापत.

हे काम एकट्यानं होत नाही. शंभर फुटी कापडी फीत असते, कातडी डबीत गुंडाळलेली. डबी माझ्या हातात. फितीच्या टोकाला पितळी कडी, ती दुसऱ्याच्या हातात. मी ओरडायचं, "धरलं?" त्यानं म्हणायचं, "धरलं." मग मी आकडा वाचून वहीत लिहायचा आणि "सोड" म्हणायचं. "सोड" ऐकल्याशिवाय कडी सोडायची नाही, नाकावर माशी बसली तरी नाही. हा आमच्या कामाचा दंडक होता.

माझी कडी धरायचा रेवणप्पा. अकरा वर्षं धरली. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेणार नाही असा माणूस. मी सडाफटिंग. दिवसभरात माझ्याशी कोणी बोलत असेल तर तो हाच, आणि तेही शंभर फुटांवरून. दुपारी मात्र आम्ही एकाच सावलीत बसायचो. माझी भाकरी बघून तो म्हणायचा, "अण्णा, ह्या भाकरीवर नकाशा काढा, लई कडक हाय." आणि स्वतःच्या फडक्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढं सरकवायचा.

तो गेला तो त्याच्याच गावच्या, देवणगीच्या किल्ल्यात. चैत्रातली दुपार होती. किल्ल्याच्या मागच्या अंगाला दोन बुरूज आहेत. मधली भिंत केव्हाच ढासळली, आता तिथं नुसती पोकळी, खाली तीस हात खोल खंदक. मी एका बुरुजावर, तो दुसऱ्यावर. फीत त्या पोकळीवरून ताणलेली. मला ती ढिली वाटली. वहीत डोकं घालूनच मी ओरडलो, "एक हात मागं सर."

"मागं जागा हाय का अण्णा?" त्यानं विचारलं.

"आहे. सर."

मी मान वर केली नव्हती. जागा नव्हती. त्या बाजूचा कठडा कधीचाच पडलेला होता. डबी माझ्या हातात गरगरली, फीत शेवटपर्यंत सुटली आणि हिसका बसून डबी गेली. खंदकात तो सापडला तेव्हा कडी त्याच्या मुठीत होती. मी त्याला "सोड" म्हटलं नव्हतं.

पंचनाम्याला आलेल्या अंमलदारांनी सहज विचारलं, "माणूस शुद्धीवर होता ना?" तेवढी फट मला पुरली. मी म्हणालो, सकाळी थोडी शिंदी घेतली होती त्यानं. जबाब उर्दूत लिहिला गेला, खाली मी सही केली.

गळ्यात लिंग असलेला माणूस शिंदी पिऊन मेला, ही गोष्ट त्या गावात काय करते ते तुम्हाला सांगायला नको. गावच्या मठाच्या स्वामींनी त्या घरचा उंबरा चढणं सोडलं. थोरल्या मुलीचं, गुरुबाईचं, ठरलेलं लग्न मोडलं. हे सगळं मला गुलबर्ग्यात बसून कळत होतं आणि मी मुकाट्यानं रेघा ओढत होतो.

कार्तिकात साहेबांनी कागद पाठवला. देवणगीचा नकाशा अपुरा आहे, जाऊन पुरा करा. भालकीपर्यंत मोटारीनं गेलो, पुढं चार कोस बैलगाडी. किल्ल्याची वाट रेवणप्पाच्या दारावरून जाते. मी खाली मान घालून निघालो होतो, पण त्याची बायको बसव्वा दारातच उभी होती. मागं अंधारात गुरुबाई.

"अण्णा, येक इचारू का?"

"विचार."

"त्या दिशी पूजेचं पानी मीच दिलते त्यांला. तोंडाला वास न्हवता. मंग तुमी कामून तसं लिवून दिलाव?"

"सरकारी काम आहे बसव्वा, मागाहून बोलू," असं म्हणून मी चालू लागलो. भेकड होतो हो मी. आज इतक्या वर्षांनीसुद्धा त्या उत्तराची लाज वाटते.

किल्ल्याच्या दरवाजात राखणदार हणमंतप्पा भेटला. म्हातारा, एका डोळ्यानं अधू. मी विचारलं, कडी धरायला गावातून कोणी मिळेल का?

"न्हाई अण्णा. रेवणप्पाच्या जागी हुभं राहायला कोन येतंय? तुमी एकलेच कामून आलाव?"

दिवसा तो किल्ला देखणा आहे. तांबड्या जांभ्याचा कोट, खिळ्यांचा दरवाजा, आत महालाच्या भिंतीवर कुठंकुठं निळ्या फरशांचे तुकडे अजून टिकलेले. सीताफळाची झाडं कोटातूनच उगवलेली. पोपटांचा कलकलाट. मी दिवसभर एकट्यानं मोजत राहिलो. कडी खुंटीला अडकवायची, चालत टोकाला यायचं, आकडा घ्यायचा, परत जाऊन कडी काढायची. दुप्पट चालणं आणि एक शब्द बोलणं नाही. दुपारी महालाच्या पायरीवर भाकरी सोडली आणि तशीच पुन्हा बांधून ठेवली. पाणी पिऊन उठलो.

धान्याचं कोठार मोजलं, हौद मोजला, मोजायची गरज नसलेला हमामखानासुद्धा मोजला. तुम्ही ओळखलंच असेल, मी त्या बुरुजांकडे जायचं टाळत होतो. शेवटी तेवढं एकच मोजमाप उरलं. ऊन महालाच्या छतावर चढलं आणि खालून हणमंतप्पाची हाक आली.

"दिवस मावळायलाय अण्णा! या आता."

"एकच राहिलंय. आलोच."

"कुलूप लावत न्हाई मंग. दारात कंदील ठिवून जातो. लवकर उतरा."

उद्या यावं, असा विचार मनात आला. पण उद्या यायचं म्हणजे पुन्हा बसव्वाच्या दारावरून. मी बुरुजावर गेलो.

पोकळीवरून फीत न्यायची तर युक्ती करावी लागते. कडीला दगड बांधायचा, पलीकडच्या बुरुजावर फेकायचा, मग वळसा घालून तिकडं जायचं आणि कडी खुंटीत अडकवायची. मी दगड फेकला. पलीकडे ठक्क असा आवाज झाला. तोवर उजेड जवळपास संपलेला. पोपट गप्प झाले होते. महालातून वटवाघळांचा उग्र वास येत होता आणि खंदकातून ओल्या पाल्याचा. मी डबी हातात घट्ट धरली, आणि अकरा वर्षांच्या सवयीनं, काही मनात नसताना, तोंडातून निघून गेलं,

"धरलं?"

"धरलं, अण्णा."

फीत हळूच ताठ झाली.

खरं सांगू? पहिल्यांदा भीती वाटलीच नाही. बरं वाटलं. सात महिन्यांत कामावर मला कोणी उत्तर दिलं नव्हतं. मी काडी ओढली, आकडा वाचला. ब्याण्णव फूट चार इंच. वहीत लिहिलासुद्धा. काडी विझली आणि मग मात्र मी कोणाशी बोललो ते ध्यानात आलं.

पलीकडचा बुरूज आता नुसता काळा ढीग दिसत होता. त्यावर कोणी उभं आहे की नाही ते कळत नव्हतं. पण फितीचं टोक कोणाच्या हातात आहे की खुंटीला आहे, हे मला डोळे मिटून कळतं. खुंटी श्वास घेत नाही. ही फीत बारीकशी हलत होती.

"रेवणप्पा..."

"लिवलाव का आकडा?"

"लिहिला."

मी "सोड" म्हणालो नाही. म्हणालो की तो जाईल, एवढंच मनात होतं. मी तिथंच खाली बसलो आणि बोलायला लागलो.

"त्या दिवशी मी बघितलं नव्हतं रे. जागा आहे म्हणालो, पण मान वर केलीच नाही. आणि वरून तुझ्यावर शिंदीचा आळ घातला... मी घातला."

खाली खंदकात रातकिडे सुरू झाले.

"ठावं हाय, अण्णा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच माझ्या जिवाला लागलं. "पर मला कामून सांगायलाव? बसव्वाला सांगा."

"सांगतो. आजच सांगतो. गावासमोर सांगतो."

"मंग सोड म्हना आता... लई दिस झालं धरून. हात भरून आलाय."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी उभा राहिलो, मोठ्यानं म्हणालो, "सोड, रेवणप्पा."

"सोडलं, अण्णा."

फीत खाली पडायला हवी होती. ती तशीच ताठ राहिली.

"सोड म्हटलं ना..."

"मी सोडलंय, अण्णा."

फितीला एक लहानसा झटका बसला. मग दुसरा. पलीकडच्या टोकाकडून नाही, जवळून. रेवणप्पाचा आवाज आता अगदी दबका झाला होता, त्याला कोणी ऐकू नये असा.

"अण्णा... मधी कोन हाय?"

मधे काही नाही हो. मधे भिंतसुद्धा नाही. तीस हात खोल पोकळी आहे. मी डोळे फाडून बघितलं, काहीच दिसलं नाही. फक्त फीत माझ्या हातातून पुढं जायला लागली. हळूहळू, वीतवीत, कोणीतरी ती हातानं गोळा करत माझ्याकडं येत असावं तशी.

"पळा, अण्णा," रेवणप्पा म्हणाला.

मी डबी सोडली. ती खाली पडल्याचा आवाज आला नाही. माझ्या कमरेइतक्या उंचीवर, जिथं मी ती धरली होती तिथंच, अंधारात ती राहिली. मी बघत थांबलो नाही. महालातून, चौकातून, ठेचा खात, जीव मुठीत धरून पळालो. मागून एकदा रेवणप्पानं कोणाला तरी काहीतरी विचारलं. त्याचं उत्तर मला ऐकू आलं नाही. दरवाजातला कंदील उचलल्यावर मला कळलं की मी त्याला त्याच बुरुजावर दुसऱ्यांदा टाकून आलो होतो.

तसाच बसव्वाच्या दारात गेलो आणि उंबऱ्याबाहेर बसून सगळं सांगितलं. जागा आहे म्हणालो ते, आणि शिंदीचं. सकाळी गावासमोर, स्वामींसमोर तेच सांगितलं. भालकीला जाऊन जबाब बदलून दिला. नोकरी गेली, ती जायलाच हवी होती. स्वामींनी त्या घरचा उंबरा पुन्हा चढून पाय धुऊन घेतले, तेव्हा हणमंतप्पा हमसून रडला. बसव्वा रडली नाही.

रेवणप्पाशी बोललो, हेही मी तिला सांगितलं होतं. त्यानं कडी सोडली, इथपर्यंत. पुढचं नाही.

मी निघालो त्या दिवशी ती गाडीपाशी आली. फडक्यात भाकरी बांधून आणली होती. ती माझ्या हातात दिली आणि बैलाच्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली.

"अण्णा, येकच इचारते. खरं सांगा. तितं ते एकलेच हायत का?"

मी तिच्याशी पुन्हा खोटं बोलणार नव्हतो.

"नाही," मी म्हणालो. "एकटा नाही तो."

तिनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं. इतक्या दिवसांत तिच्या तोंडावर पहिल्यांदा जरा सुख दिसलं.

"मंग बरं हाय," ती म्हणाली. "अंधारात एकलं राहायला त्यांला लई भ्या वाटायचं."