आईचा वेदनालेख

मिरजेच्या मेंदू-संशोधन केंद्रात डॉ. मृदुला शिरगुप्पे खुर्चीत मागे रेलून बसली. डॉ. तांबोळींनी तिच्या कपाळावर प्रतिवेदकाची, म्हणजे टिपलेली वेदना पुन्हा जागवणाऱ्या यंत्राची पट्टी बसवली.

बत्तीस वर्षांपूर्वी इथल्याच डॉक्टरांनी अर्धशिशीच्या चाळीस रुग्ण बायकांच्या कानामागे वर्षभर एकेक चकती लावली होती. त्यांत मृदुलाची आई पद्मजाही होती. तिला जाऊन आता सहा वर्षं झाली होती.

"विव्हळणं, झोपून राहणं हे चकतीला कळत नाही, मृदुलाताई," तांबोळी म्हणाले. "अर्धशिशीत मेंदूच्या पृष्ठभागावरून विजेची एक संथ लाट सरकते. तेवढीच तिनं टिपली, दर झटक्याचा एक लेख. तीच लाट आता तुमच्या मेंदूत उठेल, पण दहाव्या हिश्श्यानं. वेळ मात्र तितकाच."

मृदुलाला ती खोली आठवली. बंद खिडक्या, आईच्या कपाळाला आवळून बांधलेला फडका, सुंठीच्या लेपाचा वास. आजी म्हणायची, "कामं निघाली की हिचं डोकं उठतं." शाळेतून आलेली छोटी मृदुलाही मग दार मुद्दाम आपटायची.

"सगळ्यात तीव्र लेख लावा," ती म्हणाली. "त्या बंद खोलीत आई काय सोसत होती, ते मला कळू दे."

आधी डोळ्यांपुढे नागमोडी उजेड थरथरला. मग डाव्या डोळ्यामागे कुणी तरी गिरमिट फिरवू लागलं. दिव्याचा उजेड टोचू लागला.

"कधीचा आहे हा?" तिनं कसंबसं विचारलं.

तांबोळींनी पडद्यावरची तारीख वाचली. "वीस फेब्रुवारी. दुपारी चारपासून रात्री नऊपर्यंत."

मृदुलाचा नववा वाढदिवस! त्या दिवशी आई खोलीत नव्हतीच. तिनं मृदुलाला जत्रेला नेलं होतं. ढोल, कर्णे, भज्यांच्या तेलाचा धूर, रंगीत दिव्यांची लखलख. आकाशपाळण्यात दोघी तीनदा बसल्या होत्या. आई डोळे गच्च मिटून मोठ्यानं हसत होती आणि मृदुला टाळ्या पिटत ओरडत होती, "आई घाबरली, आई घाबरली!" एवढा आनंदाचा दिवस तिच्या आयुष्यात पुन्हा आला नव्हता.

तिच्या गालांवरून पाणी ओघळू लागलं. तांबोळींनी घाईनं बटणाकडे हात नेला.

"बंद करू का?"

"नको," मृदुला म्हणाली. "आम्ही अजून पाळण्यातच आहोत."