खाली उभे कोणीसे

ताईचा निम्मा जन्म लोकांना "हलू नका" म्हणण्यात गेला होता. ती इस्पितळाच्या एक्स-रे विभागात नोकरीला होती. "श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका... सोडा," हे तिने इतक्यांदा म्हटलं होतं, की झोपेतून उठवलं तरी त्याच सुरात म्हटलं असतं. एकदा फोनच्या नादात ती "सोडा" म्हणायचं विसरली आणि एक आजोबा बिचारे गाल फुगवून जांभळे होईपर्यंत थांबले. हा किस्सा ती हसून हसून सांगायची. निवृत्त झाल्यावर तिने कॅमेरा घेतला, पण सवय काही सुटली नाही. आता ती झाडांना हलू नका म्हणायची, एवढाच फरक.

तिचा नाद जरा वेगळा होता. ती इन्फ्रारेड फोटो काढायची. भिंगापुढे एक काळीकुट्ट काच बसवायची. त्या काचेतून आपल्याला काही म्हणता काही दिसत नाही, पण उन्हातला जो उजेड डोळ्यांना कळतच नाही, नेमका तेवढाच ती आत सोडते. मग फोटोत जिवंत पानं कापसासारखी पांढरी येतात आणि पाणी शाईसारखं काळं. उजेड मिळतो अगदी थोडा, म्हणून कॅमेरा स्टँडवर लावून त्याच्या आतलं झाकण, म्हणजे शटर, बराच वेळ उघडं ठेवावं लागतं. तेवढ्या वेळात जे स्थिर राहील ते उमटतं, हलेल ते पुसलं जातं. फोटो चालू असताना ताई खुशाल कॅमेऱ्यासमोरून चालत जायची. फोटोत तिचा मागमूसही नसायचा.

तिचा धाकटा भाऊ म्हणजे घुम्या. लहानपणापासून तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा, म्हणून हे नाव. त्याने जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. कागदावर आहे तेच वाचायचं, आपल्या मनातलं नाही, हा त्याचा धर्म. बायको गेली आणि तो होता तेवढाही उरला नाही. ताईने त्याला आपल्या घरी आणलं, तर तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसला तो बसलाच. ताट समोर निवून जायचं. हा असाच बसल्या बसल्या एक दिवस संपून जाईल, या भीतीने ताईचा जीव अर्धा झाला होता.

एकदा तिने सहज एक फोटो छापून त्याच्या मांडीवर ठेवला. चहा घेऊन आली तर फोटोच्या मागे पेन्सिलने लिहिलं होतं:

काळे आभाळ
झाडेच झाली दिवे
भर दुपारी

"अरे, हे काय?"

"हायकू," घुम्या म्हणाला. "तीन ओळी. पाच, सात, पाच अक्षरं. झालं."

कित्येक आठवड्यांत तो एवढं बोललाच नव्हता. ताईने स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले आणि ठरवलं, याला फोटो कमी पडू द्यायचे नाहीत. दोघांचं पुस्तकच करू. घुम्याने एक अट घातली. तो जागा बघायला येणार नाही, आणि फोटोत दिसेल त्याच्या बाहेरचं एक अक्षर लिहिणार नाही. हळूहळू तो जेवायला लागला. आमटीत मीठ कमी पडलंय असंही एकदा म्हणाला. ताईला इतका आनंद झाला, की तिने दुसऱ्या दिवशी मुद्दाम मीठ कमी घातलं.

गावाबाहेर एक जुनं तळं होतं. पूर्वी सगळ्या गावाला तिथून पाणी यायचं. आता पंपघराला कुलूप होतं, पत्रे गंजले होते, आणि पंपघरामागे एक थोरलं झाड एकटंच वाढत सुटलं होतं. इन्फ्रारेडला कडक ऊन लागतं, म्हणून ताई भर दुपारी जायची. तेव्हा तिथे चिटपाखरू नसायचं. पाण्याला लोखंडाचा वास यायचा. पायाखाली घोट्यापर्यंत पाचोळा.

त्या झाडाच्या फोटोमागे घुम्याने लिहिलं:

पांढरे झाड
खाली उभे कोणीसे
पाठमोरेच

"कोण उभंय?" ताईने विचारलं.

घुम्याने खोडाशेजारी बोट ठेवलं. ताईने चष्मा पुसला, मग भिंग आणलं. खोड होतं, मुळं होती, काळी सावली होती.

"कोणी नाही रे इथे."

"आहे की. नसतं तर लिहिलं असतं का?"

ताई घाबरली नाही. फिल्मवर डाग दिसला तर रोग्याच्या आधी फिल्म तपासायची, हे ती शिकली होती. तिने कॅमेऱ्याचं भिंग पुसलं, काळी काच बदलली, त्याच जागी स्टँड रोवून पुन्हा फोटो काढला. घुम्या बोटांवर अक्षरं मोजत बराच वेळ फोटोकडे बघत राहिला.

तेच ते झाड
आता वळला खांदा
इकडे जरा

त्या दिवसापासून त्याचं जेवण पुन्हा सुटलं. फोटो मांडीवर आणि नजर फोटोत. ताईला वाटलं, बायकोच्या आठवणीने याच्या डोळ्यांना भास होतोय. आपणच आणून दिलेलं औषध त्याला बाधलं, या विचाराने तिला स्वतःचा राग आला. तिने ठरवलं, याला तिथे नेऊन एकदाचं दाखवू, की झाडाखाली फक्त झाडाची सावली असते.

"चल," ती म्हणाली. "तू स्वतःच तिथे उभा राहा. मी फोटो काढते. माणूस उभा असला तर कसा दिसतो ते तरी कळेल."

तो आला. नको नको म्हणत, पण आला. झाडाखाली पोचल्यावर त्याने आजूबाजूला पाहिलं आणि कोणीतरी जागा दाखवावी तसा नेमका खोडाशेजारी जाऊन उभा राहिला. ताईने काळी काच बसवली. त्याचा चेहरा इतका उतरला होता, की त्याला हसवायला ती लहानपणीसारखी ओरडली, "स्टॅच्यू!"

आणि घुम्या खरंच हसला.

हा त्यांचा खेळ होता. एकाने "स्टॅच्यू" म्हणायचं, दुसऱ्याने असेल तसं थिजायचं. बोलायचं नाही, पापणी लववायची नाही. ज्याने म्हटलं त्यानेच "ओव्हर" म्हटल्याशिवाय सुटका नाही. दोघांनी हा नियम कधी म्हणजे कधी मोडला नव्हता. एकदा शाळेच्या मैदानात ताई "ओव्हर" म्हणायचं विसरून घरी जेवायला आली, तर घुम्या उन्हात तसाच उभा. आईने ओढलं, धपाटा घातला, तरी हलेना. शेवटी खरकट्या हाताने ताईला धावत जावं लागलं.

झाकण उघडलं. वारा पडला होता. घुम्या ओठांवरच्या हसण्यासकट उभा होता. झाकण मिटल्याचा आवाज झाला. ताई कॅमेऱ्यावरून मान वर करते न करते तोच तो पाचोळा तुडवत तिच्याकडे चालत आला.

"चल ताई, भूक लागली," तो म्हणाला.

तिने "ओव्हर" म्हटलं नव्हतं. क्षणभर तिला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. मग ती मनाशी म्हणाली, केस पिकले आपले, आता कोण पाळतंय ते नियम.

फोटोत घुम्या छान आला होता. दुधासारखा चेहरा, डोळ्यांच्या जागी काळे ठिपके, ओठांवर हसू.

त्यानंतर घर बदलूनच गेलं. घुम्या पोटभर जेवू लागला, बोलू लागला. शेजारीण म्हणाली, "तुमचा भाऊ बाई अगदी माणसात आला." ताईचा जीव भांड्यात पडला. फक्त एक होतं. तो बसत नव्हता. सकाळपासून या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या. जेवतानाही पाय हलत असायचा. झोपेत बोटं चादरीवर चालत राहायची. खिडकीजवळची खुर्ची रिकामीच पडून होती. आणि मुद्रितं तपासलेला हा माणूस वर्तमानपत्र हातात धरायचा, पण त्याची नजर ओळींवरून सरकत नसे.

पुस्तकासाठी झाडाचा एक मोकळा फोटो हवा होता, म्हणून ताई एकटीच तळ्यावर गेली. झाडाखाली कोणी नव्हतं. तिने फोटो काढला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र उमटलं.

खोडाशेजारी घुम्या उभा होता. दुधासारखा चेहरा, ओठांवर हसू.

जुनंच चित्र दिसतंय, ती म्हणाली. तिने कॅमेऱ्यातलं कार्ड बदललं. नवं कोरं कार्ड. स्टँड दुसऱ्या बाजूला नेऊन पुन्हा फोटो घेतला. या वेळी तो बाजूने दिसत होता. गालावर एक वाळकं पान चिकटलं होतं. पहिल्या फोटोत ते नव्हतं.

कॅमेरा छातीशी धरून ती घरी कशी पोचली ते तिचं तिलाच कळलं नाही.

तिने तो फोटो छापला आणि भावासमोर ठेवला. तो उभ्या उभ्याच पेन्सिल फिरवू लागला. बोटांवर त्याने काहीच मोजलं नाही. कागद तिच्या हातात देऊन तो आतल्या खोलीत गेला, तिथून बाहेर आला, पुन्हा आत गेला.

पांढरे झाड
खाली कोणीच नाही
बरेच झाले

त्या रात्री ताईने आपल्या खोलीला आतून कडी लावली. रात्रभर दारापलीकडे पावलं वाजत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा झाडाखाली उभी राहिली. समोर खोड, सावली, पाचोळा.

"घुम्या," ती रडत रडत म्हणाली, "चुकलं रे माझं. ओव्हर."

तिने फोटो घेतला. झाडाखाली कोणी नव्हतं.

ती परत निघाली. रस्त्याच्या कडेला पाचोळा होता आणि तो तिच्या मागे मागे वाजत होता. ती वळून बघायची, तर कोणी नाही. भीती होतीच, पण त्या भीतीतही तिला रडू येण्याइतका आनंद झाला होता. हलेल ते उमटत नाही. तो चालतोय. घरी येतोय.

दार उघडंच होतं. दारात तो होता, एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत.

"आलीस?" तो म्हणाला. "एकटीच आलीस ना?"

मागे फाटक करकरलं. अंगणातला पाचोळा वाजला.

त्यानेही ते ऐकलं.

ताईला खात्री हवी होती. फक्त एकदा. त्याच्या डोळ्यांत बघत ती हळूच म्हणाली, "स्टॅच्यू."

त्याचा पाय हलतच राहिला. "काय म्हणालीस?"

आणि मागचा आवाज एकदम थांबला.

आपण काय करून बसलो ते तिला तत्क्षणी कळलं. "ओव्हर" म्हणायला तिने तोंड उघडलं.

तो अंगणातल्या शांततेकडे कान लावून होता.

"असं आहे होय," तो म्हणाला. मग तिच्याकडे वळून, अगदी हळू आवाजात: "स्टॅच्यू."

ताई थिजली. बोलायचं नाही. पापणी लववायची नाही. शब्द जिभेवर तसाच राहिला.

त्याने तिच्या हातून कॅमेरा काढून घेतला. तिला अलगद आत आणून खिडकीजवळच्या खुर्चीत ठेवलं, दाराला कडी घातली आणि गुणगुणत या खोलीतून त्या खोलीत फिरू लागला.

खिडकीतून अंगण दिसत होतं. दुपारचा वारा सुटला आणि सगळा पाचोळा उडून कुंपणापाशी गेला. फाटकाच्या आत तेवढी दोन पावलांएवढी पानं दबलेली होती. ती हलली नाहीत.